बहरामची सोडचिठ्ठी

नवरा म्हणून बहराममध्ये खोट काढायला जागा नव्हती. तो हात उगारत नसे, अफू ओढत नसे, आमटीत मीठ कमी पडलं म्हणून वाडगा भिरकावत नसे. उन्हाळ्यात गार असे आणि थंडीत कोमट. सुगी झाली की त्याच्या नावानं गव्हाची पोती आपसूक दारात येऊन पडत. चनारक गावातल्या बायका तंदूरला रोट्या थापता थापता म्हणत, "गुलअंदामचं नशीब बघा! आमच्या मेल्यांना गिरणीवर जा म्हटलं तर दोन दिवस तोंड फुगवून बसतात."

एवढंच होतं, की बहराम माणूस नव्हता. तो कारेज होता.

वर डोंगराच्या पायथ्याशी खोल आईविहीर, तिच्या तळाशी झिरपणारं पाणी, आणि ते पाणी हलक्या उतारानं गावापर्यंत आणणारा जमिनीखालचा बोगदा. बोगद्यात हवा जावी, माणूस उतरावा म्हणून वाटेत ओळीनं खणलेल्या विहिरी. लांबून पाहिलं तर एखाद्या घुशीनं माळावर ढिगारे काढत डोंगर गाठलाय असं वाटे. पाणी उजेडात येई ते गावाच्या डोक्याशी, म्हाताऱ्या चिनाराखाली. त्या जागेला गावात 'तोंड' म्हणत. डाळिंबं, गहू, मेंढ्या, माणसं, सगळी त्या तोंडाकडे तोंड करून जगत.

आता कारेज कुठली बाई असते, कुठला बुवा. शांतपणे एका लयीत वाहते ती बाई. बहराम फुरफुरत यायचा, एखाद्या वर्षी उसळायचा, एखाद्या वर्षी रुसून अर्धाच यायचा. म्हणजे बुवाच. आणि बुवाला घरात बायको नसली की तो कामाचा कंटाळा करतो, हे चनारकमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

गुलअंदामचा पहिला नवरा डाळिंबांचा ट्रक घेऊन इस्फहानला निघाला तो घाटातच राहिला. तेव्हा शुकूफे अजून पालथीही पडत नव्हती. बहरामची आधीची बायको त्याच हिवाळ्यात म्हातारपणानं गेली. गावानं दोन्ही दुःखं एकाच गाठोड्यात बांधली. लाल ओढणी आली, डफ वाजला, साखरेचे खडे वाटले, आणि गुलअंदाम एका पाण्याची बायको झाली. दर नव्या चंद्राला तोंडाजवळच्या आडोशाला जाऊन त्याच्या पाण्यात अंघोळ करायची, एवढाच संसार. बाकी पोटाला गहू होता, आणि कुशीत एक गुबगुबीत पोर होती, जिच्या मानेच्या घडीत दुधाचा वास यायचा. त्या वेळी तिला याहून जास्त काही नकोच होतं.

शुकूफे मोठी झाली, बोलू लागली, उलट्या पायात चपला घालून गावभर पळू लागली. घरामागच्या विहिरीला दगडी कठडा होता. गुलअंदाम पोरीच्या कमरेला आपल्या ओढणीचं टोक बांधायची, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला, आणि मगच तिला कठड्यावर वाकू द्यायची.

"बाबाऽऽ!" शुकूफे ओरडायची.

"बाबाऽऽ..." खालून यायचं.

"आई, मी बाबाला बाबा म्हणते. मग बाबा मला बाबा का म्हणतो?"

"त्याला दुसरं काही बोलता येत नाही, राणी."

"शिकव की मग."

गुलअंदाम हसायची. पण हल्ली हसता हसता ती ओढणीची गाठ पुन्हा तपासायची. पोर उत्तराची वाट बघत कठड्याला गाल टेकून उभी राहायची, आणि खालून तिचाच आवाज थोडा म्हातारा होऊन परत यायचा.

दर शरदात कारेज साफ करायला उस्ताद बरात यायचा. आतला गाळ उपसायचा, जिथे माती ठिसूळ तिथे भाजलेल्या मातीची कडी बसवून छत सावरायचं, हे त्याचं काम. कारेज खणणाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे तो पांढरेशुभ्र कपडे घालून खाली उतरे. अंधारात माणूस दिसावा म्हणून पांढरे, आणि छत कोसळलंच तर वेगळं कफन शिवायला नको म्हणून पांढरे. वर येई तेव्हा तो पायापासून भुवयांपर्यंत चिखलाचा असे आणि फक्त दात पांढरे असत.

त्याला जेवण घालायचं ते गुलअंदामनं. नवऱ्याच्या घरी कामाला आलेला माणूस, दुसरं कोण घालणार?

"आज कशी काय तब्येत आहे आमच्या यजमानांची?" ती ताकाची कढी वाढता वाढता विचारायची.

"कोरड्या भागात ठणठणीत आहेत," बरात रोटी मोडत सांगायचा. "ओल्या भागात, आईविहिरीच्या जवळ, जरा खोकला आहे. छत झडतंय. पाण्याची पातळी मात्र चांगली आहे हो. वर डोंगरावर बर्फ टिकलं होतं ना यंदा, ते हळूहळू मुरतंय. तुमचे यजमान पचवतात सावकाश, पण पचवतात."

"जेवणाबद्दल कधी काही बोलले नाहीत ते."

"मी बोलतो की. कढी उत्तम झालीय."

असं तीन शरद चाललं. या वर्षी कढीचा वाडगा पुसून झाल्यावर बरातनं तो पुन्हा पुसला. मग आणखी एकदा पुसला.

"गुलअंदाम खानम, एक विचारायचं होतं. तुम्हाला विधवा धरायचं की लग्नाची, हे मला नीट कळलेलं नाही."

"गहू मिळतो तेव्हा लग्नाची," ती म्हणाली. "सरपण फोडायचं असतं तेव्हा विधवा."

बरातनं वाडग्यात पाहिलं. "मग सरपण मी फोडलं तर?"

शुकूफे दोघांच्या मध्ये बसून सुक्या तुती मोजत होती आणि मोजलेल्या खात होती. गुलअंदामनं तिच्या तोंडात आणखी एक तुती घातली, कारण स्वतःच्या हातांचं काय करावं ते तिला कळेना.

"आधी गावाला विचारायला लागेल," ती म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते, आणि बरात कारेजवाला असल्यानं अंधारातलंही बघायला शिकलेला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिनाराखालचं पाणी निम्म्यावर आलं.

वर ओल्या भागात छत कोसळलं होतं आणि मातीनं बोगदा अडवला होता. हे व्हायचंच होतं, बरात तीन दिवस सांगत होता. पण चनारकमध्ये दोन गोष्टी एका पाठोपाठ घडल्या की पहिलीला दुसरीची आई धरतात. दुपारपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं, की बहरामला कळलंय.

बरात पांढरे कपडे घालून विहिरीच्या काठावर गेला. रहाट लावलेला, दोर बांधलेला. त्यानं खाली पाहिलं, आणि दोर सोडून दिला.

"आज मन नाही म्हणतंय," तो म्हणाला.

खाली उतरणाऱ्याचं मन नाही म्हणालं की त्याला कुणी आग्रह करत नाही. त्या दिवशी नाही. पण दुसऱ्या दिवशीही मन नाही म्हणालं, तिसऱ्याही. तेव्हा गावचा कारभार बघणाऱ्या कदखुदा सफदरनं सगळ्यांना आपल्या अंगणात बोलावलं. पुरुष एका बाजूला, बायका तुतीच्या झाडाखाली, मध्ये चहाचा समोवार. गुलअंदामच्या मांडीवर शुकूफे झोपली होती, चपला उलट्याच.

"उस्ताद," कदखुदा म्हणाला, "तुमचं मन कधी हो म्हणणार? डाळिंबं तडकायला लागली."

बरात उभा राहिला. खोटं बोलायला त्याला जमत नसे, आणि चारचौघांत बोलायला तर त्याहून नसे.

"कदखुदा, मी ज्याच्या बायकोला मागणी घातलीय त्याच्याच पोटात कसा उतरू? डोक्यावर छत त्याचं. चिडून सोडलं त्यानं अंगावर तर?"

एकदम गलका उडाला. कुणी म्हणालं बरोबर आहे, आपण असतो तर सोडलंच असतं. कुणाचा चहा ठसक्यातून नाकात गेला.

"मग मागणी मागे घ्या!" कदखुदा ओरडला.

"घेतली तरी त्याला कळलंय ना. गावात बोललेलं सगळं झिरपत खाली जातं."

हे सगळ्यांना पटलं. कदखुदा आखुंदकडे वळला. शेख नूरुल्ला, गावचे आखुंद म्हणजे मौलवी, यांनी आधीच दोन्ही हात वर केले होते.

"माझ्याकडे बघू नका. ते लग्न मी लावलं नव्हतं. धर्मात असलं लग्न नाही. नसलेल्या लग्नाचा तलाक मी आणू कुठून?"

"म्हणजे ती मोकळीच आहे!" बरात म्हणाला.

"मोकळी कशी?" कदखुदा उसळला. "मग इतकी वर्षं गहू कशाबद्दल खाल्ला?"

"तो दानधर्म झाला," आखुंद म्हणाले.

"दानधर्म! मी दानधर्म करेन? मी?"

अंगणात पुन्हा हशा पिकला, कारण कदखुदाला गाव ओळखून होतं. तो लाल झाला. पलीकडच्या गावात मोटार बसवलेली खोल विहीर नुकतीच झाली होती, वारा तिकडून असला की तिची धडधड इथे ऐकू येई. कदखुदानं त्या दिशेला बोट केलं.

"खड्ड्यात गेलं सगळं. आपणही मोटारीची विहीर खणू. तिला बायको लागत नाही, डिझेल लागतं."

"आणि आजूबाजूचं पाणी ओढून पिते ती भवानी," तुतीखालून आवाज आला. ती बीबी खावर होती, गावातली सगळ्यात म्हातारी विधवा. तिच्या तोंडात एकही दात नव्हता आणि तिच्या तोंडाला अजून कुणी लागत नसे. "माझ्या भाचीच्या अंगणातला आड कोरडा पडला तिच्यापायी. पोहरा टाकला की खट्ट. पातळी पार पाताळात गेली. बहराम आपला वरचं पाझरलेलं तेवढंच घेतो. गरीब आहे बिचारा. त्याला फक्त दुसरी बायको बघा."

आता तुतीखाली चुळबूळ सुरू झाली. एका विधवेला आपले गुडघे आठवले. दुसरीला आठवलं की तिच्या मुलाला हे आवडणार नाही. तिसरी म्हणाली, हा बायका खातो, आत्तापर्यंत किती खाल्ल्या, मला नको.

"मग मी करते," बीबी खावर म्हणाली.

कदखुदानं घसा साफ केला. "बीबी, तुम्ही आम्हाला आईसारख्या. पण तो जरा उसळता आहे, आणि तुमचं वय..."

"माझं वय काय काढतोस? तो माझ्या पणजोबाच्या पणजोबाआधीचा आहे. त्याच्यापुढे मीच कोवळी!"

 आखुंद दाढीत हसले आणि हसलो नाही असं दाखवायला चहा मागू लागले.

"ते ठीक आहे," कदखुदा शेवटी म्हणाला, "पण तो हिला सोडेल का? त्याला विचारणार कोण?"

गुलअंदामनं शुकूफेला शेजारणीच्या मांडीवर दिलं. पोरीनं झोपेतच तिचं बोट घट्ट धरलं होतं, ती मूठ एकेक बोट करून सोडवली. मग ती उठली.

"मी विचारून येते," ती म्हणाली. "माझा नवरा आहे."

तोंडापासून आत थोडं अंतर ती नेहमीच जायची, पण आज हातात कंदील घेऊन ती आणखी आत गेली. पाणी पोटऱ्यांपर्यंतही नव्हतं. बोगदा जेमतेम एका वाकलेल्या माणसाचा. बाहेरचा गलका हळूहळू विझला. तिचा बेत सरळ होता. थोडा वेळ आत उभं राहायचं, बाहेर यायचं आणि 'हो म्हणाला' असं ठोकून द्यायचं. बायको आत जाऊन नवऱ्याशी काय बोलली, हे तपासायला कोण येणार?

पण उभी राहिल्यावर तिला ते जमेना. एवढी वर्षं याच पाण्यानं तिला न्हाऊ घातलं. पहिल्या हिवाळ्यात ती इथेच रडायची, कारण घरात रडलं की बाळ जागं व्हायचं. इथे कुणी विचारलं नव्हतं, किती रडणार अजून म्हणून.

"ऐक," ती म्हणाली आणि तिला एकदम लाज वाटली. "तू वाईट नाहीस. तुझा गहू खाऊन माझ्या पोरीचे गाल वर आले. पण ती रोज तुला हाक मारते रे. रोज. आणि तू तिचंच तिला परत देतोस. तुझा दोष नाही, तुझी बनावटच तशी. पण तिला कुणीतरी ओरडायला हवं, चप्पल सरळ घाल म्हणून. मलाही कुणीतरी हवंय. सरपणाचं निमित्त आहे. तुला कळतंय ना मला काय म्हणायचंय?"

पुढच्या अंधारात छतावरून मातीचं ढेकूळ पाण्यात पडलं. डुबुक.

"हे हो आहे का नाही?"

तिनं कंदील पुढे धरला. मग पुन्हा, डुबुक.

लग्नात नवरीला तीनदा विचारतात. सोडचिठ्ठीतही तीनदा असावं म्हणून गुलअंदाम तिसऱ्याची वाट बघत थांबली. तिसरं काही पडेना. तिची बोटं सुरकुतली, कंदिलाची वात फडफडायला लागली.

"दोनावर भागवू," ती म्हणाली. वळण्याआधी तिनं ओल्या भिंतीवर तळहात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

बाहेर चिनाराखाली सगळं गाव उभं होतं. बरात सगळ्यात मागे, पांढऱ्या कपड्यांत, चेहराही त्याच रंगाचा.

"काय म्हणाला?" कदखुदानं विचारलं.

"सोडतो म्हणाला."

"असंच? काही अट नाही?"

अटीचा विचार गुलअंदामनं केलाच नव्हता. पण अट न घालता बायकोला सोडणारा पुरुष चनारकमध्ये कुणी पाहिलेला नव्हता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिनं इकडे तिकडे पाहिलं. शेजारणीच्या कडेवर शुकूफे जागी झाली होती, एका गालावर शालीच्या विणीचा ठसा उमटलेला.

"अट आहे," ती म्हणाली. "शुकूफेला रोज पाठवायचं. हाक मारायला. ते तोडायचं नाही म्हणाला."

बायकांनी ओढण्या डोळ्यांना लावल्या. कदखुदानं नाक शिंकरलं. "बाप तो बापच शेवटी," तो म्हणाला.

"आणि माझ्याबद्दल?" बीबी खावर काठी टेकत पुढे आली. "माझ्याबद्दल काय म्हणाला?"

"घराणं चांगलं आहे म्हणाला."

"दातांचं काही?"

"दातांचं काही बोलला नाही."

"समजूतदार आहे," बीबी म्हणाली आणि ओढणी नीट केली.

लगेच दुसऱ्या सकाळी लग्न लागलं. आखुंद म्हणाले की ते काहीही बघायला आलेले नाहीत, फक्त या बाजूनं जात होते. जाता जाता त्यांनी साखरेचे खडे तेवढे खाल्ले. लाल ओढणी घेतलेली बीबी खावर चार बायकांच्या आधारानं आडोशाला गेली, पाण्यात पाय घालताच "अगं आई गंऽ" म्हणून किंचाळली, आणि मग बराच वेळ बाहेरच येईना.

त्याच वेळी वर माळावर बरात विहिरीच्या काठाशी उभा होता. त्यानं टोपी काढली.

"मालक," तो खाली बघून म्हणाला, "झालं गेलं विसरा."

आणि तो उतरला. रहाट कुरकुरत फिरला, दोर सुटत गेला, पांढरा ठिपका लहान होत नाहीसा झाला. गुलअंदाम काठापासून चार हातांवर बसली होती, मनगटाला ओढणी, ओढणीच्या टोकाला शुकूफे. मातीची एक पाटी वर आली. मग दुसरी. पाटी रिकामी करून दोर खाली गेला की तिचा श्वास अडकायचा, दोराला हिसका बसला की सुटायचा. कालपर्यंत जो तिचा नवरा होता त्याच्यापुढे ती मनातल्या मनात हात जोडत होती. छत सांभाळ रे. दोनावर भागवलं म्हणून रागावू नकोस. हवं तर तिसरं आता म्हण, पण हळू म्हण.

मग पाट्या यायच्या थांबल्या. दोर ढिला पडला, तसाच राहिला. रहाटावरच्या माणसानं मान वाकडी करून खाली कान दिला.

इतक्यात खाली गावाकडून आरोळी उठली. पाणी आलं! आधी चहासारखं गढूळ, मग खळाळत, मग स्वच्छ, आधीपेक्षा हातभर चढून. एक बाई धापा टाकत माळावर ही बातमी द्यायला आली.

"बीबी अंगाला पाणी लावते न लावते तोच उसळला बघ! आडोशाची चटई वाहून गेली! गुलअंदाम, एवढी वर्षं तू करत काय होतीस गं?"

गुलअंदामला ते चटकन लागलं. तुझ्यासाठी मी थंडीवाऱ्यात अंगाचं बर्फ करून घेतलं, आणि तू त्या बोळक्या म्हातारीसाठी... पण पुरतं रागवायला तिला सवड नव्हती. दोर अजून ढिलाच होता. पाणी सुटलं, म्हणजे मातीचा बांध फुटला. बांध फुटला तेव्हा त्याच्यापुढे उभा कोण होता?

मनगटाची ओढणी ताणली गेली. शुकूफे विहिरीच्या काठापाशी पोचली होती. अटीप्रमाणे तिची रोजची हाक राहिली होती.

"बाबाऽऽ!"

"बाबाऽऽ..." खालून आलं, नेहमीसारखं, म्हातारं होऊन. मग पाण्याचा खळखळाट. गुलअंदामनं डोळे मिटून घेतले.

आणि मग त्या खळखळाटातून, खोकत, थुंकत, चिखलानं भरलेल्या घशातून:

"कोण आहे ते? आधी काठापासून मागे सर! आणि चपला सरळ घाल, इथून दिसतायत मला!"

इथून काही दिसणं शक्य नव्हतं. पण शुकूफेनं घाईघाईनं खाली बसून चपला काढल्या, पायात अदलाबदल करून घातल्या, आणि तोंडाचा मोठा आ करून आईकडे वळली.

"आई! बाबाला दुसरं पण बोलता येतं!"